घाण्याचा चांद्या

लई जुनी गोष्ट. तवा जनावरं माणसाशी बोलायची, आन माणूस ऐकून सोडून द्यायचा.

धोंडबा तेल्याच्या घाण्याला चांद्या नावाचा बैल होता. डोळ्यांवर झापड बांधून दिवसभर गोल गोल फिरायचा. हळूहळू त्यानं चारा सोडला, बरगड्या वर आल्या. धोंडबानं पेंड घातली, खांद्याला तापल्या सळईचा डाग दिला. काय उपेग? दुखणं खांद्यात थोडंच होतं!

शेवटी धोंडबा म्हणाला, "चल, खाटकाला देतो तुला."

वाटेत झापड नव्हती. चांद्या डोळं फाडून बघत चालला. म्होरं वढ्यात भरली गाडी रुतलेली. जोडीतला एक बैल लंगडून बसलेला आन गाडीवान बोंबलत होता.

"मालक, मला जुंपा," चांद्या धोंडबाला म्हणाला.

"तुला? उभं ऱ्हाता येईना, मुडद्या!"

"जुंपून तर बघा."

जुंपला. गुडघे टेकले, तोंडाला फेस आला, पन गाडी काठावर! चांद्यानं मागं वळून वढा बघितला आन असा हंबरला की गाडीवानाचा फेटाच पडला.

"एवढी ताकद कुठं दडवली होतीस, लेका?" धोंडबानं इचारलं.

"दडवली न्हाई, मालक. जल्मभर चाललो, पन पोचलो कुठंच नव्हतो. आज पोचलो."

धोंडबा तिथनंच माघारी फिरला. चांद्याला तेलाची गाडी दिली, आन कुणा एकालाच जल्मभर गोल फिरायला लागू नये म्हनून घाण्यावर बैलांची पाळी लावली. गावातले त्याच्या वयाचे बैल थकून गोठ्यात बसले, तरी ह्यो गडी घाट चढायचा. वाटेत खाटीक दिसला, की मुद्दाम त्याच्या अंगावर धुरळा उडवून जायचा.