बिनधारेच्या कुऱ्हाडी

वाघजाईच्या देवळामागं हा जो लांबट दगडी ओटा आहे, त्यावरच्या कुऱ्हाडी आधी नीट बघून घ्या. हात लावला तरी चालतो. पाती काळी, ठिकठिकाणी खड्डे पडलेली. दांडे मात्र नवे, अजून ओल्या लाकडाचा वास येणारे. धारेवरून बोट फिरवलं तरी कापणार नाही. यांनी गवताची काडीही तुटत नाही. तरीसुद्धा दर वर्षी चैत्रातल्या शेवटच्या मंगळवारी आमची तिवरमाळची वस्ती या कुऱ्हाडी खाली उतरवते, चिंचेच्या कोळानं आणि विटकरीच्या भुकटीनं त्यांचा गंज काढते, करंजाचं तेल चोळते आणि जुने दांडे काढून देवराईतल्या धावड्याचे नवे दांडे बसवते. या देवराईतून लाकूड निघतं ते एवढ्यासाठीच. मागं जुन्या हत्यारांचे एक शौकीन पाहुणे आले होते. म्हणाले, "आजोबा, मला न्यायला द्या. यंत्रावर घासून अशी धार लावून आणतो की दाढी करता येईल." त्यांना मी इथंच बसवलं होतं. तुम्हीही बसा.

फार मागची गोष्ट. या पठाराखाली तेव्हा दाट रान होतं, आणि गावातला प्रत्येक बाप्या रानात कुऱ्हाडीवर जगायचा. त्या कुऱ्हाडी घडवायचा सुभाना लोहार. असं सांगतात की डोळे मिटून हातात घेतली तरी कुठली कुऱ्हाड कोणाची हे तो वजनावरून ओळखायचा. दांडा तो माणसाच्या हाताच्या मापानं करायचा. उंच माणसाला लांब, बुटक्याला आखूड. त्याचा एकुलता एक मुलगा मालू. त्याला भट्टीपुढं बसायला आवडायचं नाही. तो गावकऱ्यांबरोबर रानात जायचा, आणि सुभानाची बायको हौसा एकटीच भाता ओढायची.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. माघातच गवत वाळून काडी झालं. जुने दांडे तडकू लागले तेव्हा सुभाना पाटलाकडं आणि गुरवाकडं गेला. म्हणाला, "देवराईतला एखादा धावडा द्या. त्याच्यासारखा चिवट दांडा दुसऱ्या लाकडाचा होत न्हाई."

गुरव म्हणाला, "देवीचं झाड आहे सुभाना. त्याला लोखंड लागलं तर ती कोपेल."

कोणी वाईट मनानं नकार दिला नाही. सगळे देवीला भिऊन होते. सुभानाही. मग हाती लागेल त्या जांभळीच्या, आंब्याच्या लाकडाचे दांडे त्यानं करून दिले.

चैत्रात वणवा आला. सकाळी खालच्या बाजूला धूर दिसला आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत जाळ दरीच्या तोंडाशी पोचला. गावाला वाचवायचं तर एकच उपाय होता. जाळ येण्याआधी मधली झुडपं तोडून जमिनीचा पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आगीला पुढं सरकायला काही उरत नाही. हातीपायी धड असलेले सगळे बाप्ये कुऱ्हाडी घेऊन दरीत उतरले. सुभानाचा पाय भट्टीत भाजून अधू झालेला होता. तो म्हातारे पाटील-गुरव आणि बायका यांच्याबरोबर वरच्या कड्यावर राहिला.

कड्यावरून सगळं दिसत होतं म्हणे. माणसं तोडत होती, पट्टा मोकळा होत होता. दोनचार जणांचे दांडे मोडलेले दिसले. ते हातांनी झुडपं उपटायला लागले. आणि मग वारा फिरला. जाळ एका अंगानं वर चढला आणि माणसांच्या मागच्या गवताला लागला. ते पुढच्या आगीकडं तोंड करून तोडत होते. मागचं त्यांना दिसत नव्हतं, वरून दिसत होतं.

बायकांनी हाका मारल्या. पराती बडवल्या. सुभाना छातीतला सगळा जोर लावून मुलाचं नाव घेत होता. खाली आगीचा आवाज एवढा होता की काही पोचलं नाही. एकानं मान वर करून कड्याकडं बघितलं आणि हात हलवला. त्याला वाटलं असेल, वरून धीर देतायत. मग धूर मध्ये आला आणि कड्यावरच्यांना काही दिसेनासं झालं.

मागचं गवत कड्याच्या खडकापाशी जळून संपलं, आणि पुढची आग त्या अर्ध्या तोडलेल्या पट्ट्यापाशी येऊन विझली. गाव वाचलं. दांडे टिकले असते तर पट्टा लवकर होऊन माणसं वर आली असती, का वारा फिरल्यावर काहीच चाललं नसतं, हे तेव्हाही कोणाला सांगता आलं नाही आणि आताही येत नाही.

राख निवल्यावर लोक खाली उतरले. तिथं काय सापडलं ते आमच्याकडं सांगत नाहीत. कुऱ्हाडी सापडल्या एवढं सांगतात. दांडे जळून गेलेले, नुसती पाती. ती पाटीत भरून सुभानाच्या भट्टीवर आणली. त्यानं एकेक पातं घासलं, तापवलं, पाणी पाजलं. पण वणव्यात लोखंडाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, असं उतरलं होतं की धार धरेना. तो बायकांना म्हणाला, "आता ह्या कशाच्याच कामाच्या न्हाईत गं."

त्या म्हणाल्या, "आम्हांला तोडायचं न्हाई काही. पण बिनदांड्याची कुऱ्हाड घरात कशी ठेवू? आमच्या माणसाच्या मापाचा दांडा घालून दे."

सुभानानं एकेकाचं माप आठवून दांडे घातले, पाचरी ठोकल्या आणि ज्याची त्याची कुऱ्हाड ज्याच्या त्याच्या घरी दिली. शेवटी एक कुऱ्हाड कमी पडली. नाथा नावाच्या पोराची. त्याची बायको पुतळा नुकतीच सासरी आलेली होती. कुऱ्हाड सापडली नाही म्हणजे नवरा निसटला, कुठंतरी जिवंत आहे, असं तिनं धरलं. ती रोज दरीत जायची आणि हातांनी राख उकरायची. कुऱ्हाड मिळू नये म्हणून देवाला हात जोडायची आणि उकरतही राहायची. खाली बुंध्यांत धुमसत राहिलेले निखारे लागून तिचे तळवे भाजले. खाणं सुटलं. सासू सुभानाकडं येऊन रडली, "एक पोर गेलं, आता ही पण जाती. काय तरी कर."

सुभाना काय करणार? सगळं गाव ती कुऱ्हाड शोधत हिंडून दमलं होतं. भट्टीपाशी एकच कुऱ्हाड उरली होती, मालूची. पात्याच्या मागच्या अंगाला खुंट्या ठोकून ठोकून पडलेली चपटी खूण होती, तिच्यावरून तो ओळखत होता. मालूच्या मापाचा लांब दांडा त्यानं काढून टाकला. नाथा ठेंगणा होता. नाथाच्या मापाचा आखूड दांडा बसवला, पाचर ठोकली आणि कुऱ्हाड पुतळाच्या हातात नेऊन दिली.

"पोरी, सापडली. कपारीत अडकली होती."

पुतळानं ती ओळखीच्या मापाची कुऱ्हाड उराशी धरली आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. दुसऱ्या दिवशी दोन घास खाल्ले. जगली.

पोर गेल्यापासून हौसा भट्टीकडं फिरकली नव्हती. सुभाना घरी आला तर ती दारात उभी. "अवं, आपल्या मालूची कुठं हाय?"

"सापडली न्हाई."

मग हौसा दरीत जायला लागली.

तिला थांबवायचं तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं तर पुतळा पुन्हा राखेत जाणार. सुभानाला दोन्ही जमेना. तो रोज तिच्या मागं मागं जायचा, बाजूला बसायचा आणि ती उकरून दमली की हात धरून वर आणायचा. त्यांचं बोलणं बंद झालं होतं असं सांगतात.

वर्ष फिरलं. जांभळीचे दांडे वाळून सैल झाले, पाती हलायला लागली. तेव्हा पाटील आपणहून म्हणाला, "देवराईतला धावडा तोडा." त्याचाही भाऊ गेला होता. गुरवानं कौल लावला. देवीनं उजवा, होकाराचा दिला. आधी मागितलं तेव्हा कौल का लावला नाही, हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारून काय होणार होतं?

चैत्रातल्या त्या मंगळवारी या ओट्यावर सगळ्या कुऱ्हाडी घासून, नवे दांडे घालून मांडल्या. सुभानानं नाव पुकारायचं आणि त्या घरानं पुढं येऊन उचलायची, असं ठरलं होतं. एकेक नाव होत गेलं. मग ती चपट्या खुणेची कुऱ्हाड आली. पलीकडं पुतळा उभी होती, अलीकडं हौसा. सुभानानं नाव पुकारायला कुऱ्हाड उचलली आणि तशीच खाली ठेवली.

हौसा पुढं आली. वर्षानुवर्षं भाता ओढलेली बाई ती, घरच्या लोखंडाला ओळखणार नाही होय? तिनं खुणेवरून बोट फिरवलं, मग आखूड दांड्यावरून हात फिरवला. पुतळाकडं बघितलं.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नावं घेऊ नका. जेवढ्या उचलल्या तेवढ्या परत ओट्यावर ठेवा. सगळी आपलीच पोरं होती. जिच्या हाताला जी येईल ती तिनं उचलावी."

बायकांनी कुऱ्हाडी परत ठेवल्या आणि डोळे मिटून उचलल्या. हौसा मागं थांबली. तिच्यापर्यंत ओटा रिकामा झाला. ती सुभानाचा हात धरून घरी गेली, आणि त्यानंतर दरीत कधी उतरली नाही.

आजही सगळे दांडे एकाच मापाचे करतात, आणि कोणाची कुऱ्हाड कोणती हे गावात कोणी सांगत नाही. गेलेल्यांची घरं रांगेनं येतात, डोळे मिटून उचलतात, एक दिवस घरात ठेवतात आणि परत आणून देतात. घरांपेक्षा कुऱ्हाड एक कमीच आहे. दर वर्षी कोणीतरी रिकाम्या हातानं घरी जातं. त्या घरात त्या दिवशी एक ताट जास्तीचं वाढतात, आणि अंधार पडला तरी दाराला कडी घालत नाहीत.