संक्रांतीनंतर आलेलं नाव

फार फार पूर्वी, कुठल्याशा खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली होती. मध्ये मातीचा एक लांबलचक बांध होता, म्हणून तिथे भात पिकत होतं.

या बांधाला गाव दर दसऱ्याला एक राखणदार निवडत असे. राखणदाराने हाक दिली की घरटी एक माणूस कुदळ घेऊन यायचा. दुसऱ्या कुणाच्या हाकेला गाव हलत नसे.

गावात दोन बडी घराणी होती, वरचं आणि खालचं. त्यांचं कशातच पटत नसे. एक नियम मात्र त्यांनी गळ्यात गळे घालून केला होता. या दोन घराण्यांनी आपला माणूस दसऱ्याच्या सकाळी पुढे केला तरी चालेल. इतर कुणाला उभं राहायचं असेल, तर त्याने आधीच्या संक्रांतीपर्यंत सगळ्या वाड्यांचे जाणते पारावर आणून आपल्या पाठीशी उभे करावेत. "उगाच गर्दी नको," असं दोन्ही घराणी म्हणत. संक्रांतीला वाड्या ओस असायच्या. माणसं दूरच्या मिठागरांवर गेलेली असत, ती पावसाच्या तोंडावर परतत. हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसेल. किंवा आलंही असेल.

सगळ्यात खालच्या वाडीत आवडाबाई राहायची. तिचं शेत बांधाला लागून होतं. आषाढात एके सकाळी रोपं पिवळी दिसली म्हणून तिने खाचरातलं पाणी जिभेला लावलं, तर ते खारट लागलं. खेकड्यांनी बांध आतून पोखरला होता.

ती वरच्या घराण्यातल्या राखणदाराकडे धावली. तो म्हणाला, "दसऱ्याला माझी मुदत सरतेय, बाई. पुढच्याला सांग."

पुढचा कोण, तर वरच्या घराण्याचा धाकटा मुलगा, नाहीतर खालच्या घराण्याचा जावई. मुलाला देवळापुढे कमान बांधायची होती. जावयाला त्याहून उंच कमान बांधायची होती. बांधाचं नाव दोघांच्याही तोंडी नव्हतं.

वाडीतल्या बायाबापड्यांनी चिखल थापून पाहिला. दर भरतीला तो वाहून जाई. शेवटी आवडाबाई म्हणाली, "मीच उभी राहते."

भर पावसात ती वाडीवाडी फिरली. जाणत्यांनी येऊन बांधाला हात लावून पाहिला आणि त्यांचे चेहरे उतरले. एकजण म्हणाला, "तू पुढे हो, आवडे. आम्ही आहोत." श्रावणात ते सगळे डोक्यावर इरली घेऊन पारावर तिच्यामागे उभे राहिले.

गावाचा पंच वृद्ध होता. त्याने कधी कुणाचा पैसा खाल्ला नव्हता. तो हळहळला. "संक्रांत केव्हाच उलटली, पोरी. आता काही करता येत नाही."

"आबा, संक्रांतीला बांध धड होता. तेव्हा मी कशासाठी उभी राहणार होते?"

"मग येत्या संक्रांतीला ये."

"तोवर बांध थांबेल का?"

पंचाने मान हलवली. "नियमात तसं काही नाही, पोरी."

तेवढ्यात वरच्या घराण्याची माणसं आली. त्यांचा मुलगा तापाने अंथरुणाला खिळला होता. त्याच्या जागी त्यांनी पुतण्याला आणलं होतं. पंचाने मान डोलावली. "हरकत नाही. तुम्हाला दसऱ्यापर्यंत वेळ आहे."

आवडाबाई तिथेच उभी होती. तिला राग आला नाही. ती जाणत्यांकडे न पाहता घराकडे निघाली.

दसऱ्याला पारावर दोन मडकी मांडली होती. ज्याला त्याला आपल्या पसंतीच्या मडक्यात शिंपला टाकायचा होता. आवडाबाईने शिंपला हातात धरला, दोन्ही मडक्यांकडे पाहिलं आणि तो कुठेच न टाकता ती परतली. खालच्या घराण्याचा जावई निवडून आला. ढोल वाजले.

कोजागिरीच्या उधाणाला पहाटे बांध फुटला. कापणीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात आडवं झालं. आधी खालच्या वाडीचं गेलं. दिवस वर येईतो दोन्ही घराण्यांची शेतंही पाण्याखाली होती. आवडाबाई टेकडीवर उभी राहून पाहत होती. शेजारीण रडत म्हणाली, "तू सांगितलं होतंस गं." आवडाबाईला ते ऐकवेना.

पाणी ओसरलं, पण मीठ मातीतच राहिलं. तिथे आता काही वर्षं गवतसुद्धा उगवणार नव्हतं. एकेक वाडी उठली. आवडाबाईनेही जातं आणि भांडी बैलगाडीत घातली. कुठे जायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

संक्रांत आली. पंच दिवसभर पारावर बसून राहिला. तिसरं नाव घेऊन कुणीच आलं नाही. दोन्ही घराण्यांनी एकमेकांना तिळगूळ दिला आणि समाधानाने म्हटलं, "पाहिलंत? लोकांना तिसरं कुणी नकोच आहे."

तात्पर्य: दोघांनी आपल्या सोयीने आखलेली मुदत कितीही काटेकोर पाळली, तरी तिला न्याय म्हणता येत नाही.