गव्याचा खूर

फार पूर्वी रानातल्या कामांचा सर्वांत मोठा अधिकारी एक गवा होता. नवं बीळ खणलं की तो त्यावर जोरात खूर आपटे. माती खचली नाही, तरच उंदीर कामाला आत उतरत.

एकदा बीळ ढासळून एक उंदीर मेला. त्याचा धाकटा भाऊ गव्याला चावायलाच धावला.

"साहेब, नुसती शिंगं मिरवता! दादाच्या बिळावर खूर आपटला होतात का?"

गव्याने मान खाली घातली. "नाही रे. त्या दिवशी फार बिळं होती. लांबूनच होकार दिला."

"मग चला, आता माझ्या बिळावर आपटा!"

गवा निमूट गेला. त्याने खूर आपटला आणि रिकामं बीळ भसकन खचलं.

धाकटा रडत त्याच्या पायाला बिलगला. "एवढंच करायचं होतं, काका."