मुकी बाव

इथेच थांबा, आणखी पुढे नको. कठड्याला शेवाळ आहे, कुणाचा पाय सटकला तर माझ्या डोक्याला ताप. हां, आता वर बघा. त्या फणसाखाली लालभडक कठडा दिसतोय ना, ती बोलकी बाव. आणि आपण उभे आहोत ती मुकी बाव. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. वाकून बघा, तळातला चिरा न् चिरा मोजता येईल इतकं नितळ पाणी आहे. वरच्या बावीत पोहरा टाकलात तर तो तांबडा होऊन वर येतो.

आमच्या गेरूळ गावाची एक रीत तुमच्या कानावर आलीच असेल. सकाळी चहाच्या हॉटेलात तुम्ही विचारलंत, पाणी चांगलं आहे ना? हॉटेलवाला म्हणाला असेल, "काल बरा होता." तुम्हाला वाटलं असेल, काय उर्मट माणूस आहे. तो उर्मट नाही, माझा पुतण्याच आहे तो. या गावात पाण्याला आज बरं म्हणत नाहीत. पाहुणा असो, जावई असो, नाहीतर तालुक्याचा साहेब असो, सगळ्यांना एकच उत्तर.

ऐकलंत? ती माझी सून, वैजू. "बाबा, पोटात दुखता काय?" असं सकाळपासून चौथ्यांदा विचारतेय. नाय गो, नाय! जा तू, भात बघ! तिचं काय ते शेवटी सांगतो. आधी गोष्ट ऐका.

पूर्वी म्हणे गावाला वरची एकच बाव होती. आमचा हा सगळा सडा, म्हणजे माळ, तांबड्या कातळाचा, त्यात लोखंड भरलेलं. पाणी काढलं की घटकाभरात त्याला गंजाचा रंग चढायचा. वास कुजक्या अंड्याचा. त्या पाण्यात हात धुतले की बायकांच्या हातातली चांदीची कडी काळी पडायची. कुळीथ दोन प्रहर चुलीवर ठेवले तरी दगडासारखे राहायचे, रिठ्याला फेस येत नसे, आणि भांड्यांच्या बुडाला पांढरं कीट धरायचं. गेरूळला मुलगी द्यायची म्हटलं की सोयरे आधी नाक दाबायचे, असं सांगतात.

गावाला त्या पाण्यावर जगायला शिकवलं ते आवडू कुंभारणीने. विधवा बाई, पदरात एक लेक. मडकी घडवणाऱ्याला पाण्याची खोड आपोआप कळते, कारण पाण्यात जे असतं ते शेवटी मडक्यात उरतं. तिने चार कामं घालून दिली होती. पहिलं, पाणी उंचावरून एका मडक्यातून दुसऱ्यात सात वेळा ओतायचं, म्हणजे वास उडून जातो. दुसरं, ते रात्रभर हलवायचं नाही. सकाळपर्यंत लोखंड तळाला बसतं, गेरूसारखा गाळ होऊन. तिसरं, वरचं पाणी अलगद काढून उतरंडीत घालायचं. तिच्या उतरंडीत तीन मडकी असत. वरच्यात कोळसा, मधल्यात व्हाळातली, म्हणजे ओढ्यातली, धुतलेली वाळू, दोघांच्या बुडाला भोक आणि भोकात काथ्याची वात. खालच्या रिकाम्या मडक्यात थेंब थेंब पाणी उतरायचं, आणि ते असं निवळलेलं असायचं की तांबड्या बावीचं म्हणून सांगितलं तर खरं वाटू नये.

चौथं काम उकळी. त्याने पांढरं कीट भांड्याला बसतं, कुळीथ शिजतात, हे सगळ्यांना दिसायचं. पण आवडू सांगायची की उकळी त्याच्यासाठी नाहीच. "जा दिसता, ता काढूक तीन कामा पुरे," ती म्हणायची. "जा दिसना नाय, तेच्यासाठी जाळ." न दिसणारं ते काय, असं कुणी विचारलं तर तिला सांगता येत नसे. तिला तरी कुठे ठाऊक होतं? बायका लाकडांच्या नावाने बोटं मोडायच्या, पण उकळायच्या.

गावात तिच्या शब्दाला मान होता. कुठल्या मडक्यातलं पाणी प्यायला झालं हे तीच सांगायची. नुसतं "बरा आसा" म्हणाली की मूल ते पाणी प्यायचं.

त्या वेळी गावाचा मानकरी होता सोमा गावकर. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी, आणि सोयऱ्यांनी नाक दाबलेलं त्याला फार लागलेलं. त्याने पाणाड्या आणून ही खालची जागा दाखवून घेतली. माघात खणायला सुरुवात केली, चैत्र संपता संपता पाणी लागलं. ते असंच होतं, आत्ता तुम्ही बघताय तसं. वास नाही, रंग नाही. कुळीथ एका उकळीत फुटले. रिठ्याचा फेस कोपरापर्यंत आला, आणि म्हणे बायका त्या दिवशी रडल्या. मला ते खोटं वाटत नाही, जन्मभर ज्या बाईने सात वेळा पाणी ओतलंय तिला रडू येणारच.

आवडू मात्र कठड्याशी आली, ओंजळभर पाणी घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि उरलेलं जमिनीवर सोडून दिलं. सोमा गावकराने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "वरची बाव बोलता. आपली खोड रंगान सांगता, वासान सांगता. ही मुकी आसा. माका हिचा भय वाटता."

आता आपण उभे आहोत तिथून वरच्या अंगाला बघा. तो उतार दिसतोय? तिथे तेव्हा गावाचे गोठे होते. त्याच्याही वर, त्या करवंदीच्या जाळीपाशी, अख्खा गाव परसाकडे जायचा. आमचा कातळ वरून दगड, आतून चाळण. आज शाळेतलं पोरसुद्धा सांगेल की विहीर कुठे खणू नये. पण तेव्हा चैत्र होता, उतार कोरडा ठणठणीत होता, आणि पाणी नितळ दिसत होतं.

"हातच्या काकणाक आरसो कित्याक?" सोमा गावकर सगळ्यांसमोर म्हणाला. "पाणी दिसता मा नितळ? आवडू, तुका तुझी मडकी विकूची आसत. गावान जन्मभर तांबडा पाणीच पिवचा, असा तुका वाटता."

माणसं हसली. हे बोलणं तिच्या काळजात रुतलं. आणि त्यात तथ्यही होतं ना थोडं! उतरंडी गेल्या की तिच्या चाकावर कोण येणार होतं? आपल्यालाच आपला संशय आला की माणूस दुसऱ्याचं ऐकतो. ती म्हणाली, तीन दिवस मी या बावीचं पाणी न उकळता पिते, मग सांगते.

तीन दिवस तिने दुसरं पाणी तोंडाला लावलं नाही. तिला काही झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी देवळासमोर गाव जमला, सोमाने विचारलं, आणि आवडूने सांगितलं, "पाणी बरा आसा."

ती खोटं बोलली नव्हती, एवढं लक्षात ठेवा. त्या दिवशी ते पाणी खरंच बरं होतं.

मग काय, गावाला आनंदी आनंद. सात ओतण्या गेल्या, रात्रभर थांबणं गेलं, जाळ तर पहिल्याच दिवशी गेला. उतरंडीच्या मडक्यांत कोंबड्या अंडी उबवायला बसल्या. आवडूने पणत्या आणि परळ घडवायला घेतले. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. उतारावरून पाणी उतरत राहिलं, कातळात जिरत राहिलं. बाव काठोकाठ भरली. रंग तोच, चव तीच.

श्रावणात आवडूची लेक शेवंती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. खाडीपलीकडच्या गावातून चालत आलेली, आठवा महिना, श्रावणाचं ऊन डोक्यावर चढलेलं. ओटीवर टेकली आणि नवा हंडा दिसला तशी तिने विचारलं, "आये, पाणी बरा आसा?"

आवडूचे हात चिखलात होते, चाक फिरत होतं. मान वर न करता ती म्हणाली, "बरा आसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंतीला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत जुलाबांनी ती इतकी सुकली की बोटांना सुरकुत्या पडल्या. तिला तहान लागायची, आणि आई तिला त्याच हंड्यातलं पाणी पाजायची. तिसऱ्या दिवशी ती गेली, पोटातल्या बाळासकट. तोवर गावात अकरा घरांत तेच चाललेलं. गावाने देवीला गाऱ्हाणं घातलं, कोप झाला म्हणून कोंबडे कापले. कुणालाही पाण्याचा संशय आला नाही. आवडूने सांगितलं होतं ना बरं आहे म्हणून!

संशय आला तो आवडूला. लेकीला पोचवून आल्यावर तिने तो हंडा उंबऱ्यावर पालथा केला आणि म्हणे मोठ्याने म्हणाली, "काल बरा होता." मग मडकी भाजायचा आवा पेटवला. भर पावसात, स्वतःच्या घराचे वासे काढून तिने जाळ केला. बारा दिवसांत घरटी तीन मडकी भाजून दारोदार ठेवली आणि उकळीशिवाय पाणी पिऊ नका म्हणून बायकांच्या पाया पडली. ज्या घरांनी ऐकलं तिथलं दुखणं थांबलं, असं सांगतात.

सोमा गावकराच्या घरातून दोन तिरड्या निघाल्या होत्या. तेराव्या दिवशी तो आवडूच्या दारात आला. डोक्याला मुंडासं नव्हतं. म्हणाला, बाव बुजवतो. ती नको म्हणाली. "ही बुजवशात, तुमचो नातू दुसरी खणात. पाणी नितळ दिसला की परत सगळा इसारतले. ऱ्हवांदे ती." आणि तिने त्याच्याकडून दोन शब्द मागून घेतले. पहिला, या गावात पाण्याला कुणी कधी बरं म्हणायचं नाही. काल बरं होतं, एवढंच म्हणायचं, कारण माणसाला तेवढंच ठाऊक असतं. दुसरा शब्द तिने असा मागितला, "पयलो घोट तुमच्या घरान घेवचो. दरवर्सा, पावस सरल्यार. न उकळता. मगे गावान तीन दिवस तुमच्याकडे बघूचा." सोमाने या बावीत कोपरापर्यंत हात घालून शब्द दिला.

आवडूचं पुढे काय झालं ते दोन प्रकारांनी सांगतात. कुणी म्हणतं ती माहेरी निघून गेली. बायका म्हणतात, ती लेकीचा हंडा धुवायला या पायऱ्या उतरली आणि परत वर आली नाही. हंडा तेवढा पाण्यावर पालथा तरंगत होता. बाव उपसली तर आत कुणी नव्हतं. मला विचाराल तर पहिलं खरं असावं असं वाटतं, पण श्रावणात मी एकटा इथे येत नाही.

कारण श्रावणात भर दुपारी या पाण्यात बुडबुडे येतात. तळातून एक, मग थांबून आणखी एक. बायका म्हणतात, शेवंती विचारतेय, आये, पाणी बरा आसा? कुणी उत्तर देत नाही. मागे शहरातला एक पाहुणा हसत वाकला आणि "हो, बरं आहे!" असं ओरडला. त्याचं काय झालं मला ठाऊक नाही, त्याचं काही पत्र आलं नाही. तुम्ही मात्र ओरडू नका.

आजही गेरूळमध्ये घरोघरी उतरंड आहे. काहींनी फिल्टर बसवलेत, पण त्यातलं पाणीही उकळतात. आरोग्य केंद्राची मुलगी येते, औषध टाकते, बाटलीत पाणी भरून नेते. कागद येतो, नमुना पिण्यास योग्य. त्यावर तारीख असते, आठ दिवसांपूर्वीची. म्हणजे कागदसुद्धा तेच म्हणतो, काल बरा होता.

आणि आजही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य वर आला की, सोमा गावकराच्या घरातला वडीलधारा या पायऱ्या उतरतो आणि सगळ्या गावासमोर एक घोट पितो. मग तीन दिवस गाव वरच्या बावीचं पाणी उकळून पितो आणि त्याच्याकडे बघत बसतो. ती आरोग्य केंद्राची मुलगी माझ्यावर फार ओरडली. आजोबा, शहाण्यासारखे दिसता आणि हे काय करता? खरं आहे तिचं. पण सोमा गावकर माझ्या आजाचा आजा होता. त्याने गावाला हसवलं म्हणून आवडू फसली. त्याने हसवलं नसतं तर तिने आपल्या भीतीवर विश्वास ठेवला असता. माझा थोरला चुलता या घोटाने गेला, तेव्हा त्याच्या आईने छाती पिटली, पण पुढच्या वर्षी माझ्या बापाला अडवलं नाही.

दसरा परवाच्या आदल्या दिवशी होता. परवा सकाळी मी घोट घेतला. उद्या सकाळी तीन दिवस भरतात.

हो गो वैजू, ऐकलं! नाय दुखत! ...जरा टेकतो या चिऱ्यावर. ऊन लागलं असेल, सकाळपासून उभाच आहे. तुम्ही वर घरी जा, सून पाणी देईल. आधी ती स्वतः पिईल, मग तुम्हाला देईल. उकळलेलं आहे, बिनघोर प्या.

आणि माझ्याकडे असं बघू नका. विचारायचंच असेल तर उद्या सकाळी या. मी असलो तर सांगेन, काल बरा होता.