घोंगडीआडचा वैद्य

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावाला एकच वैद्य होता, अंतोबा. हातगुण चांगला आणि मन लोण्याहून मऊ. आजाऱ्याच्या उशाशी तो घरच्यासारखा बसायचा. लोक म्हणत, "अंतोबा नुसता येऊन बसला तरी निम्मं दुखणं पळतं."

मग गावात पटकीची साथ आली. अंतोबा एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायचा. तरी बरीच माणसे त्याच्या डोळ्यांदेखत गेली. सगुणा कोष्टिणीच्या एकुलत्या एका मुलाने तर त्याच्या मांडीवरच प्राण सोडला. त्या माउलीचा हंबरडा अंतोबाच्या कानांतून जाईना. साथ ओसरली, गाव कामाला लागले. वैद्याचे काय झाले, हे मात्र कुणीच विचारले नाही. औषध देणाऱ्याला कसले आले आहे दुखणे, असेच सगळ्यांना वाटले असावे.

एक दिवस अंतोबाने ओसरीच्या दाराला जाड घोंगडी टांगली आणि तिला हात जाईल एवढे भोक पाडले. आजाऱ्याने बाहेर बसून हात आत घालायचा. अंतोबा नाडी पाही, हातावर पुडी ठेवी आणि ओरडे, "पुढचा!" कुणी बोलू लागले तर म्हणे, "रोग नाडीत सापडतो. बाकीचं देवळात जाऊन सांगा." गावातले टवाळ म्हणू लागले, "वैद्यबुवांनी पडदा घेतला, आता त्यांना वैनी म्हणायचं!"

अंतोबाला मात्र हायसे वाटले. दिवसभरात कितीही हात आले तरी त्याला काही वाटत नसे. खरे तर त्याला आता कशाचेच काही वाटत नसे. जेवणाला चव लागत नव्हती, आणि हेही त्याच्या लक्षात आले नव्हते.

अशात राणबा कुंभाराच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, ताप भरला. राणबाने घोंगडीतून हात घातला. "वैद्यबुवा, माझा पाय…"

"ताप आहे. काढा घे. पुढचा!"

राणबा पुन्हा आला आणि पुन्हा काढाच घेऊन गेला. नाडीत ताप होता, तो खराच होता. पण तो कशाने आला, हे पाय पाहिल्याशिवाय कसे कळणार?

शेवटी राणबाला उभे राहवेना. शेजारणीने माणसे गोळा करून त्याला बाजेवर घालून आणले.

"हात आत घाला," अंतोबा म्हणाला.

"हात नाही, पाय दाखवायचाय. बाहेर या."

तो आवाज राणबाच्या शेजारणीचा, म्हणजे सगुणेचा होता. अंतोबा जागीच थिजला. हाच आवाज पुन्हा कानी पडू नये म्हणून तर त्याने घोंगडी टांगली होती.

"सगुणाबाई, मला जमायचं नाही," तो म्हणाला. "तुमच्या लेकराला मी वाचवू शकलो नाही. कोणत्या तोंडानं समोर येऊ?"

सगुणा म्हणाली, "माझं लेकरू जायचं ते गेलं. पण बेवारशासारखं नाही गेलं, तुमच्या मांडीवर गेलं. तेवढ्याच आधारावर मी जगले. राणबाला तेवढंही द्यायचं नाही का?"

अंतोबा उठला आणि बाहेर आला. पाय काळानिळा पडला होता. त्याने जखम उघडली, पू काढला, आणि ताप उतरेपर्यंत तो राणबाजवळून हलला नाही. राणबाचा जीव वाचला, पण पायाची दोन बोटे गेली. "ही माझ्यामुळे गेली," असे म्हणून अंतोबा सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. साथीत गेलेल्या सगळ्यांसाठी तो त्या दिवशी रडला.

तेव्हा कुठे गावाने त्याच्याकडे नीट पाहिले. गाल बसले होते. सगुणेने विचारले, "वैद्यबुवा, पोटभर जेवलात कधी?" अंतोबाला आठवेना.

गावचा म्हातारा पाटील म्हणाला, "अमावास्येला आपण बैलाच्या मानेवरसुद्धा जू ठेवत नाही. या माणसाच्या मानेवरचं कधी उतरवलं?"

तेव्हापासून त्या गावात अमावास्येला, जिवावरचे दुखणे सोडून, कुणी वैद्याकडे आजार नेत नाही. कुणीतरी भाजीभाकरी घेऊन जाते आणि त्याच्याजवळ बसते. त्या दिवशी अंतोबा बोलतो आणि गाव ऐकते.

तात्पर्य: दुसऱ्याचे दुखणे पाहणाऱ्याने मन दगडाचे करू नये, आणि ते दगडाचे होऊ नये, याची काळजी बाकीच्यांनी घ्यावी.