सोबतीच्या वर्गातला एकटा विद्यार्थी

एका पळसाच्या रानात सातभाई पक्ष्यांचा मोठा थवा राहत असे. सातभाई म्हणजे मुलखाचे बडबडे. खाणं, भांडणं, झोपणं, सारं एकत्र. रात्री तर ते एकाच फांदीवर अंगाला अंग भिडवून ओळीनं झोपत. त्यांच्या पिल्लांना शिकवायला लाल डोळ्यांचे एक भारद्वाज गुरुजी होते. उडणं आणि किडे टिपणं सगळ्यांनाच शिकावं लागे, पण पिल्लं मोठ्या वर्गात गेली की गुरुजी म्हणत, "आता एक विषय आपल्या आवडीनं निवडा. पुढारपण, सोबत किंवा विचार."

पुढारपणाचा वर्ग झाडाच्या शेंड्यावर भरे, म्हणून तिथे झुंबड उडाली. एक ऐटबाज पिल्लू तर पहिल्याच दिवशी सर्वांत उंच जागा पटकावून बसलं. विचाराच्या वर्गात मोजकीच पिल्लं गेली, कारण तिथे गुरुजी उत्तरं सांगत नसत, उलट प्रश्नच विचारत. त्यांत एक चौकस पिल्लू होतं. सोबतीचा वर्ग घेतला फक्त एकानं, पावशानं. सातभाईंच्या घरट्यात पावशाचं अंडं कसं आलं, ते त्याच्या आईलाच ठाऊक. पण तो त्यांच्यातच वाढला होता. पाठ राखाडी, छातीवर आडवे पट्टे. दिसायला थेट शिकऱ्यासारखा. आणि शिकरा म्हणजे लहान पाखरं उचलून नेणारा शिकारी पक्षी! त्यामुळे पावशाजवळ कोणी बसत नसे, आणि सोबत शिकायला तो बिचारा एकटाच बसे. मला विचाराल मुलांनो, तर याहून वाईट वर्ग नाही.

एके सकाळी पावशा चोचीत सुरवंट धरून अचानक पानांतून बाहेर आला आणि कोणीतरी ओरडलं, "शिकरा आला!" सगळी पिल्लं जीव मुठीत धरून पळाली. खरा प्रकार कळल्यावर ऐटबाज पिल्लाला लाज वाटली, कारण सगळ्यांत आधी तेच पळालं होतं. आता लाज वाटली की राग दुसऱ्यावर निघतो. ते म्हणालं, "आजपासून हा आपल्या ओळीत झोपणार नाही. मी पुढारी आहे, मी सांगतोय!"

"पण मी काय केलं रे?" पावशानं विचारलं.

"तू तसा दिसतोस!"

"अरे, शिकरा कधी सुरवंट धरतो का?" चौकस पिल्लू म्हणालं. "याच्या चोचीत काय होतं, ते कोणी पाहिलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. पण पुढाऱ्यापुढे बोलणार कोण? ऐन थंडीत पावशा समोरच्या बाभळीवर एकटाच काकडत बसला. त्याला फार वाईट वाटलं.

मग एके दिवशी खरा शिकरा आला. शेजारच्या सागावर बसून तो पिल्लांकडे टक लावून पाहू लागला. ऐटबाज पिल्लू किंचाळलं, "माझ्या मागे या! माळावर पळू!"

"उघड्या माळावर? तिथे तर तो आपल्याला एकेक करून टिपेल," चौकस पिल्लू म्हणालं. "थांब जरा. पावशाला शिकरा समजून आपण पळालो ना? मग शिकराही फसेल. एका शिकऱ्याच्या झाडावर दुसरा येत नाही, असं गुरुजी सांगतात. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं! पावशा, येशील का रे?"

पावशाला बाभळीच्या काट्यांचा चांगला आडोसा होता. 'मला काय त्याचं,' असं तो खुशाल म्हणू शकला असता. त्यानं ऐटबाज पिल्लाकडे पाहिलं. ऐटबाज पिल्लानं शेंड्यावरची आपली जागा सोडली आणि म्हणालं, "ये, इथे बस. चुकलं माझं."

पावशा तीरासारखा आला. शेंड्यावर बसून त्यानं पट्ट्यांची छाती फुगवली आणि शेपटी पसरली. शिकऱ्यानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "या झाडावर आधीच कोणीतरी आहे वाटतं," असं पुटपुटत तो दुसऱ्या रानाकडे उडून गेला. मग सातभाईंनी जो कलकलाट केला, तो काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सोबतीच्या वर्गाला फांदी पुरेना. गुरुजींनी ऐटबाज पिल्लाला विचारलं, "पावशाला पुन्हा ओळीत घेणार म्हणे. का रे?"

"त्यानं आम्हाला वाचवलं, गुरुजी."

"आणि शिकरा आलाच नसता तर?"

संध्याकाळी ओळ लागली, तेव्हा पावशा बिचकत टोकाला बसू लागला. ऐटबाज पिल्लानं त्याला ओढून मधोमध बसवलं, जिथे सगळ्यांत जास्त ऊब असते, आणि वाऱ्याच्या बाजूला टोकाला स्वतः जाऊन बसलं.

"शिकरा येवो की न येवो," ते म्हणालं, "तुझी जागा हीच."

तात्पर्य : नुसत्या दिसण्यावरून कोणाला ओळीबाहेर काढू नये; आधी नीट पाहावं, मग बोलावं. आणि सोबत्यासाठी ज्याला आपली जागा सोडता येते, त्यालाच पुढारी म्हणावं.