गुणाजीने पिंपभर शिरका मोजला

काजूबागांच्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस होता. किती भोळा? बायको म्हणाली, "दुधाकडे बघा," तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा बघतच बसला. बघायलाच सांगितलं होतं ना!

बायको सरिता मात्र भारी हुशार. तिने काजूच्या बोंडांचा पिंपभर शिरका, म्हणजे व्हिनेगर केलं, तीन महिने जिवापाड जपला. शनिवारी तालुक्याच्या प्रदर्शनाचे परीक्षक येणार होते. शिरका निदान चार टक्के आंबट भरला तर घेणार, नाहीतर नाही. सरिताची झोपच उडाली.

"शाळेतल्या नेरुरकर बाईंकडे जा नि आंबटपणा मोजायला शिकून या," तिने नवऱ्याला पिटाळलं.

बाईंनी काचेच्या चंबूत थोडा शिरका घेतला, रंग दाखवणारं औषध टाकलं. "आता वरून हे कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. आंबटपणा मेला की गुलाबी रंग येतो. तिथे थांबायचं. जितकं पाणी लागलं, तितका शिरका आंबट."

"बरं! थेंब थेंब. ध्यानात ठेवीन."

घरी आला तर गवताची गंजी पेटलेली. सरिता ओरडली, "अहो, पाणी टाका!" गुणाजीने तांब्या घेतला. एक थेंब टाकला. गुलाबी नाही. दुसरा टाकला. तोवर गंजीची राख झाली.

"कर्म माझं! अहो, भडाभडा ओतायचं, रिकामं होईपर्यंत!"

"बरं! भडाभडा. ध्यानात ठेवीन."

शुक्रवारी सासरे नि दोन मेहुणे जेवायला आले. "बाबांना तूप वाढा," सरिता म्हणाली. गुणाजीने बरणी उचलली नि भडाभडा ओतली, रिकामी होईपर्यंत. सासऱ्यांचा भात तरंगायला लागला. मेहुणे कोरड्या भाताकडे बघत बसले.

"अहो, एकालाच सगळं नि बाकीचे कोरडे? पंक्तीत सगळ्यांना मिळायला हवं!"

"बरं! सगळ्यांना. ध्यानात ठेवीन."

शनिवारी सरिता परीक्षकांना आणायला एसटी स्टँडवर निघाली. "तेवढा शिरका मोजून ठेवा हो. माझी लाज तुमच्या हातात आहे."

गुणाजीने बाईंकडून सामान आणलं. चंबू भरला. मग पिंपाकडे बघितलं नि त्याला कालची पंगत आठवली. एका चंबूला सोडा नि बाकीचा शिरका कोरडा? छे! चंबू त्याने परत पिंपात ओतला. औषधाची अख्खी बाटली ओतली. साबणवाल्याकडून सोड्याच्या पाण्याचे कॅन आणले. आधी भडाभडा, मग थेंब थेंब. काठीने ढवळून ढवळून घामाघूम झाला. पिंप गुलाबी झालं आणि गुणाजी थांबला. जन्मात पहिल्यांदा अगदी बरोबर जागी थांबला!

परीक्षक आले. किती शिरक्याला किती सोडा लागला ते गुणाजीने घडाघडा सांगितलं. त्यांनी आकडेमोड केली आणि ताडकन उठले. "वहिनी, साडेपाच टक्के! तालुक्यात असा शिरका नाही. पहिला नंबर तुमचाच!"

सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला दृष्ट लागेल म्हणून तिने कडाकडा बोटं मोडली.

"आता प्रदर्शनासाठी एक बाटली भरून द्या," परीक्षक म्हणाले.

"आता कुठून देऊ?" गुणाजी गुलाबी पिंपाकडे बोट दाखवत अभिमानाने म्हणाला. "सगळा मोजला ना!"